मिरी, मोसमी वारा आणि मातीची खापरे

मराठीत ‘खापर’ हा शब्द आपण बहुतेक वेळा एकाच कामासाठी वापरतो: ते कुणाच्या तरी माथी फोडण्यासाठी. मूल नापास झाले की खापर शिक्षकांच्या माथी, पीक गेले की नशिबाच्या माथी आणि इतिहासात काही वाईट घडले असेल तर आज जिवंत असलेल्या एखाद्या समाजाच्या माथी. पण खापर म्हणजे मुळात मातीच्या भांड्याचा तुकडा. तो कुणीतरी मळलेल्या मातीचा असतो. त्या भांड्यात कधीतरी पाणी, धान्य, तेल किंवा मसाला भरलेला असतो. नीट पाहिले तर तो तुकडा बोलतो. तो काय बोलतो हे ऐकायला लावणारी एक कलाकृती काही वर्षांपूर्वी केरळमधील कोची येथे मांडली गेली होती. आपल्या वाचकांना, विशेषतः घरातील शाळकरी मुलांना, तिची ओळख व्हावी म्हणून हा लेख.

कलाकृती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवरचे चित्र किंवा चौथऱ्यावरचे शिल्प येते. पण आजच्या कलेत आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. त्यात कलाकार एखादी खोली किंवा मोकळी जागा घेतो आणि तिथे वस्तू, माती, पाणी, आवाज, चलतचित्रे अशा अनेक गोष्टींची मांडणी करतो. पाहणारा त्या मांडणीच्या आत जातो, तिच्याभोवती फिरतो. मराठीत याला ‘मांडणशिल्प’ म्हणतात. लग्नघरी रुखवत मांडतात किंवा मुले शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात धरण आणि शेत उभे करतात, त्यामुळे वस्तू मांडून गोष्ट सांगणे आपल्याला नवे नाही.

खापरांचे शहर

१२ डिसेंबर २०१२ रोजी कोची येथे ‘कोची-मुझिरिस बिनाले’ हे मोठे कलाप्रदर्शन सुरू झाले. बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन. ते उभे करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मूळचे केरळचे; पण दोघांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झाले आणि दोघांनी मुंबईतच नाव कमावले. प्रदर्शनाची मुख्य जागा होती फोर्ट कोचीतील ॲस्पिनवॉल हाऊस. जॉन ॲस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्याच्या कंपनीची ही जुनी वखार अगदी समुद्राला लागून आहे. खोबरेल तेल, मिरी, सुंठ, हळद, लाकूड असा माल जिथे साठवला जाई, त्या जुन्या इमारतींत कलाकृती मांडल्या गेल्या.

तिथेच विवान सुंदरम या कलाकाराने ‘ब्लॅक गोल्ड’ म्हणजे ‘काळे सोने’ ही कलाकृती केली. काळे सोने म्हणजे काळी मिरी. कोचीच्या उत्तरेला, परवूरजवळ, पट्टणम नावाचे एक गाव आहे. केरळ इतिहास संशोधन परिषदेने पी. जे. चेरियन यांच्या नेतृत्वाखाली २००७ पासून तिथे उत्खनन केले. प्राचीन ग्रंथांत ज्याचा उल्लेख येतो ते मुझिरिस बंदर याच परिसरात असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कोणत्याही उत्खननात खापरे प्रचंड निघतात. महत्त्वाची खापरे जपून ठेवतात, बाकीची नोंद करून बाजूला ठेवली जातात. अशी बाजूला ठेवलेली हजारो खापरे सुंदरम यांनी घेतली आणि त्यांतून जमिनीवर एक काल्पनिक शहर रचले. त्यात रस्ते, वाडे, चौक, बंदर सारे काही होते आणि ते सारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या फुटक्या भांड्यांचे होते. मग त्या शहरावर पाणी सोडले. पाण्यावर काळी मिरी तरंगत आली, गल्ल्यागल्ल्यांत शिरली. हे सारे वरून चित्रित केले गेले आणि चलतचित्राच्या रूपाने प्रेक्षकांसमोर आले. वरून पाहताना आपण विमानातून एखादे पूरग्रस्त शहर पाहत आहोत असे वाटावे.

पाणी सोडण्यामागे कारण होते. पेरियार नदीला १३४१ मध्ये मोठा पूर आला, तिचा प्रवाह बदलला, जुने बंदर गाळाने भरले आणि दक्षिणेला कोचीच्या खाडीचे तोंड मोठे होऊन नवे बंदर तयार झाले, असे मानले जाते. एका बंदराचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय नदीने ठरवला. बंदर राजे बांधतात आणि व्यापारी चालवतात, पण शेवटचा शब्द पाण्याचा असतो. प्रदर्शनानंतर सहाच वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याच पेरियारच्या खोऱ्यासह केरळभर महापूर आला आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हा त्या कलाकृतीतील पाणी हा केवळ जुना इतिहास राहिला नाही.

विवान सुंदरम यांचा जन्म १९४३ मध्ये सिमला येथे झाला. प्रसिद्ध चित्रकार अमृता शेरगिल या त्यांच्या मावशी. २०२३ मध्ये त्यांचे दिल्लीत निधन झाले. आपल्या वाचकांनी त्यांची आणखी एक कलाकृती लक्षात ठेवावी अशी आहे. १९९२च्या अखेरीस आणि १९९३च्या सुरुवातीला मुंबईत दंगली झाल्या. त्या काळात वर्तमानपत्रात रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे छायाचित्र छापून आले होते. त्या अनोळखी माणसासाठी सुंदरम यांनी १९९३ मध्ये ‘मेमोरियल’ नावाचे स्मारक मांडले. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या फोटोतील माणसाला त्यांनी कबर दिली, आदर दिला. टाकून दिलेल्या खापरांचे शहर रचणारा कलाकार तोच आहे, हे कळले की दोन्ही कलाकृतींचा अर्थ अधिक उमजतो.

मिरीची किंमत

आज किराणा दुकानात दहा रुपयांच्या पुडीत मिळणारी मिरी एवढी मोलाची का होती? मिरीचा वेल असतो. तो आंबा, फणस, नारळ, पोफळी, पांगारा अशा झाडांच्या आधाराने चढतो. पावसाळा सुरू झाला की त्याला फुलोरा येतो आणि पावसाचे थेंब परागीभवनाला मदत करतात. हिरवे घोस तोडून उन्हात वाळवले की दाणे काळे पडतात, तीच काळी मिरी. पिकलेल्या दाण्याची साल काढली की पांढरी मिरी. वेल एकच, रूपे वेगवेगळी. उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि झाडांची सावली हे सारे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर होते. युरोपात आणि अरबस्तानात ते नव्हते. म्हणून जगाला इथे यावे लागले.

इजिप्तचा राजा रामसेस दुसरा इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये मरण पावला. त्याच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे सापडले. इजिप्तच्याच लाल समुद्रकाठी बेरेनिके नावाचे जुने बंदर आहे. तिथल्या मंदिरात भारतीय बनावटीच्या एका रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात दुसऱ्या शतकातील एक करारपत्र जपलेले आहे. त्यात मुझिरिसच्या प्रवासासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटी आहेत आणि ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजातील हस्तिदंत, जटामांसी अशा मालाचा हिशेब आहे. इ.स. ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा वेढा उठवण्यासाठी सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही मागितली. पट्टणमच्या मातीतही मिरी सापडली, भूमध्य समुद्राकडील मद्य आणि तेलाच्या दुकानी कुंभांची खापरे सापडली, पश्चिम आशियातील निळसर झिलईची भांडी सापडली आणि ऊद-लोबानच्या कुळातील सुगंधी राळेचे कणही सापडले. राळ अरबस्तानातून आली होती. घरोघरी शुक्रवारी लोबान जाळणाऱ्या आपल्या आज्यांच्या नाकाला तो वास ओळखीचा वाटला असता.

वाऱ्याने थांबवलेली माणसे

भूगोलाच्या पुस्तकात मुले ‘मोसमी वारे’ पाठ करतात. ‘मोसमी’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला आहे. मौसिम म्हणजे ठरलेला हंगाम. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून भारताकडे वाहतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो उलट, ईशान्येकडून वाहतो. शिडाच्या जहाजाला इंजिन नव्हते. अरबस्तानातून किंवा लाल समुद्रातून निघालेले जहाज नैऋत्य वाऱ्यावर मलबार गाठी आणि परतीसाठी त्याला ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. म्हणजे व्यापारी इच्छा असो वा नसो, काही महिने इथे अडकून राही.

या थांबण्यातच मोठा इतिहास आहे. चार महिने राहायचे तर घर लागते, विहीर लागते, स्वयंपाक लागतो, नमाजसाठी जागा लागते. स्थानिक राजाची परवानगी लागते, स्थानिक व्यापाऱ्याचा विश्वास लागतो. पुढच्या वर्षी त्याच गावी परत यायचे तर दिलेला शब्द पाळावा लागतो. हळूहळू लग्ने झाली, मुले झाली. ती मुले मल्याळम बोलू लागली, कोकणी बोलू लागली. केरळचे मापिला, भटकळकडचे नवायत आणि आपल्या कोकणातील मुस्लिम समाज यांच्या घडणीत या वाऱ्याचा मोठा वाटा आहे. पट्टणमपासून जवळच कोडुंगल्लूर येथे चेरामन जुमा मशीद आहे. ती इ.स. ६२९ मध्ये बांधली गेली, अशी तिथली परंपरा सांगते. चौदाव्या शतकात इब्न बतूता मलबारात आला. मिरीचे वेल द्राक्षाच्या वेलांसारखे दिसतात आणि नारळाच्या झाडांजवळ लावतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे.

व्यापार हा आपल्या धर्मपरंपरेला परका विषय नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तरुणपणी व्यापार केला आणि हजरत खदीजा (रजि.) या स्वतः मोठ्या व्यापारी होत्या. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील व्यापारी प्रवासांचा उल्लेख आहे. मौलाना सय्यद सुलेमान नदवी यांनी अरब आणि भारत यांच्या संबंधांवरील आपल्या उर्दू ग्रंथात भारताशी नाते सांगणाऱ्या तीन शब्दांकडे लक्ष वेधले आहे: मिस्क म्हणजे कस्तुरी, काफूर म्हणजे कापूर आणि जंजबील म्हणजे आले-सुंठ. हे तिन्ही शब्द कुरआनमध्ये जन्नतच्या वर्णनात येतात. ‘जंजबील’चे मूळ अभ्यासक संस्कृत ‘शृंगवेर’ या शब्दापर्यंत नेतात. मिरीला अरबीत ‘फिलफिल’ म्हणतात, ते ‘पिप्पली’चे रूप. उलट चिंच अरबांनी पाहिली तेव्हा त्यांना ती खजुरासारखी वाटली. त्यांनी तिला ‘तमर-ए-हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, असे नाव दिले आणि तेच नाव पुढे थोड्या बदलाने इंग्रजीत गेले. माल जहाजातून जातो, तसे शब्दही जातात. त्यांना जकात लागत नाही.

आपल्या वाटेवरचे बंदर

कोची तिसगावपासून फार दूर आहे आणि आपल्याकडे ना समुद्र, ना मिरी. मग याच्याशी आपला संबंध काय, असे कुणी विचारील. पण तिसगाव ज्या महामार्गावर आहे तो कल्याणकडून येतो, माळशेज घाट चढतो, नगरवरून करंजी घाट उतरून तिसगावला येतो आणि पाथर्डीकडे जातो. कल्याण हे प्राचीन बंदर होते. माळशेजच्या शेजारी नाणेघाट आहे. तिथे सातवाहनांचे लेख आहेत आणि एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. म्हणजे ज्या रस्त्यावर आज आपण एस.टी.ची वाट पाहत उभे राहतो, त्याच दिशेने दोन हजार वर्षांपूर्वी बैलगाड्या आणि तांडे समुद्राकडे जात होते.

पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक खलाशाने हिंदी महासागराच्या व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात दख्खनमधील दोन बाजारपेठांची नावे आहेत: पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असे अंतर तो देतो. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून नेत, असे तो सांगतो. आपल्याच जिल्ह्यात नेवासे येथे प्रवरेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथेही भूमध्य समुद्राकडून आलेल्या कुंभांची खापरे निघाली. पट्टणमला जी खापरे निघाली त्यांचीच ही भावंडे.

इटलीतील पॉम्पेई हे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये त्या राखेतून हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती तेरला मिळाली आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात या गावाच्या जुन्या व्यापाराचा ठेवा जपलेला आहे. पैठणलाही संग्रहालय आहे. तिसगावहून पैठण काही तासांच्या अंतरावर आहे. आपण मुलांना सहलीला वॉटर पार्कला नेतो; एकदा इथेही न्यावे.

त्याच वाऱ्याची दुसरी बाजूही आपल्या वाट्याला आली आहे. जो नैऋत्य मोसमी वारा जहाजे मलबारला पोहोचवी आणि मिरीच्या वेलाला फुलवी, तोच सह्याद्री ओलांडेपर्यंत आपले बरेचसे पाणी सांडून मोकळा होतो. आपला पाथर्डी तालुका पर्जन्यछायेत येतो. इथली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. कोकणात वारा माणसांना थांबवीत होता, आपल्याकडे तो माणसांना घराबाहेर काढतो. निसर्ग आणि पोट यांचे हे नाते कोणत्याही कलाकृतीपेक्षा आपल्याला जवळून माहीत आहे.

मधुमतीचे दान

इतिहासाच्या तासाला मुलांच्या मनात एक समज सहज बसतो, की मुसलमान या देशात आले ते फक्त घोड्यावर बसून, तलवार घेऊन. तसे आलेलेही होते, ते नाकारायचे कारण नाही. पण त्यांच्या कितीतरी आधी जहाजातून मिरी, खजूर आणि घोडे यांचा सौदा करायला आलेले होते. त्याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत.

अल-मसूदी हा बगदादचा मोठा इतिहासकार. तो हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास सैमूरला आला. सैमूर म्हणजे आज रायगड जिल्ह्यात असलेले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत बसरा, बगदाद, ओमान आणि सिराफहून आलेले आहेत आणि इथेच जन्मलेलेही आहेत, असे त्याने लिहिले. त्यांचे आपसातील तंटे सोडवण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एकाला प्रमुख नेमले होते. राजा होता राष्ट्रकूट वंशाचा, वेरूळचे कैलास लेणे कोरवणाऱ्या घराण्यातला.

त्याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातील डहाणूजवळच्या चिंचणी गावी सापडलेल्या ताम्रपटांत आहे. त्यांतील एक ताम्रपट शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा आहे. राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या ताजिक अधिकाऱ्याचे नाव त्यात ‘मधुमती’ असे आले आहे. ताजिक म्हणजे अरब आणि मधुमती हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. या मधुमतीने नदी ओलांडण्यासाठी लोकांना फुकट नावांची सोय केली, वाटसरूंसाठी अन्नछत्र चालवले आणि भगवती देवीच्या मठाला जमीन दान देण्यास संमती देऊन ते दान केले. ताम्रपटावरचा मजकूर संस्कृतात आहे. एक अरब मुसलमान अधिकारी, हिंदू राजा, देवीचा मठ आणि सर्वांसाठी नाव. हे कुणी भाषणात सांगितले तर लोक त्याला राजकारण म्हणतील, पण हे तांब्यावर कोरलेले आहे.

गेल्या काही वर्षांत कुठल्या यात्रेत कुणी दुकान लावावे, कुणी लावू नये, कुणाकडून फळ घ्यावे, कुणाकडून घेऊ नये, असे वाद गावोगाव कानावर येतात. ज्यांचे पोट बांगड्या, खेळणी, मिठाई, पाळणे यांच्यावर चालते त्यांना त्या वादाची किंमत चुलीपाशी मोजावी लागते. आमच्या तिसगावजवळ मढीला कानिफनाथांची यात्रा भरते आणि तिथला गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या बाजारात पिढ्यान् पिढ्या गाढवाचे दात पाहून सौदा झाला आहे, मालकाची जात किंवा धर्म पाहून नाही. बाजार हा शब्दही फारसीतून आला आणि मराठीत असा मुरला, की आज त्याला कुणी परका म्हणत नाही.

व्यापाराची काळी बाजू

तरीही व्यापाराचा इतिहास गोडच होता असे मुलांना सांगू नये. ते खरे नाही. माणसांचाही व्यापार होत होता. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला मुलगा. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. पुढे त्याने जमीन महसुलाची व्यवस्था लावली, औरंगाबादला नहरीने पाणी आणले, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले. त्याचा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो. पण तो ज्या बाजारात विकला गेला त्या बाजाराचीही आठवण ठेवली पाहिजे. त्यात विकणारे आणि विकत घेणारे आपल्याच धर्माचेही होते.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि मिरीच्या व्यापारात तोफा आल्या. १५०२च्या मोहिमेत त्याने हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे एक जहाज जाळले. त्यात बायका आणि मुलेही होती. पुढे मलबारचे शेख जैनुद्दीन मखदूम यांनी या साऱ्या संघर्षावर ‘तुहफतुल मुजाहिदीन’ हा अरबी ग्रंथ लिहिला आणि तो विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. त्याच काळात विजापूरने गोव्याला आणि अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला होता. मलबारच्या मिरीची झळ आपल्या नगरपर्यंत अशी पोहोचली होती. ज्यांना मिरी हवी होती त्यांतल्या काहींनी वाऱ्यासाठी थांबणे पसंत केले, काहींनी सारा समुद्रच ताब्यात घ्यायचे ठरवले. फरक एवढाच होता, पण त्याने जगाचा नकाशा बदलला.

समुद्राने रंगवलेल्या बश्या

असाच विचार करणारा एक कलाकार आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. डॉ. सुबोध केरकर हे पेशाने डॉक्टर. वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ कलेकडे वळले. २०१५ मध्ये त्यांनी पिळर्ण येथे ‘म्युझियम ऑफ गोवा’ सुरू केले. एकेकाळी चीनमधून चिनी मातीची भांडी जहाजांनी याच किनाऱ्यावर येत. केरकर यांनी बश्या समुद्राच्या तळाशी ठेवल्या. काही महिन्यांनी त्या काढल्या तेव्हा त्यांच्यावर कालवे आणि शिंपले वाढलेले होते. माणसाने केलेल्या बशीवर समुद्राने नक्षी काढली होती. व्यापाराची वस्तू आणि समुद्रातील जीव यांना वेगळे करता येत नाही, हे सांगायला त्यांना भाषणाची गरज पडली नाही. मिरची हाही त्यांच्या आवडीचा विषय आहे. मिरची आपली वाटते, पण ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली. तिला नाव मात्र आपण आपल्या मिरीवरूनच दिले. पाहुण्याला घरातले नाव देऊन घरचा करण्याची ही रीत आपल्या भाषेची आहे.

घरातले मांडणशिल्प

या सगळ्यासाठी कोचीला जायला हवे असे नाही. येत्या सुटीत घरी एक काम करून पाहावे. जमिनीवर किंवा जुन्या चादरीवर खडूने जगाचा ढोबळ नकाशा काढावा. अम्मीला किंवा दादीला मसाल्याचा डबा मागावा. काळी मिरी आणि वेलची केरळवर ठेवावी. दालचिनी श्रीलंकेवर, लवंग आणि जायफळ इंडोनेशियाच्या बेटांवर, हिंग इराण-अफगाणिस्तानावर ठेवावा. खजूर अरबस्तानावर. मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिकेवर. तांदूळ आपल्या आशिया खंडातच राहू द्यावा. मग दोऱ्याने प्रत्येक जागा आपल्या गावाशी जोडावी. दोरे जोडून झाले की मुलांना विचारावे, ईदच्या बिर्याणीतून यांतला एकेक देश काढून टाकला तर ताटात काय उरेल?

दुसरे काम थोडे कठीण आहे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की आपले आजोबा-पणजोबा काय विकत होते, काय विणत होते, कुठल्या बाजाराला जात होते. पिंजारी, आतार, बागवान, मणियार, तांबोळी, मोमीन ही आपल्यातली आडनावे आणि बिरादऱ्या म्हणजे व्यापाराच्या आणि कारागिरीच्याच नोंदी आहेत. आताराच्या नावात अत्तर आहे, बागवानाच्या नावात बाग आहे, पिंजाऱ्याच्या नावात कापूस आहे. कापूस, फुले, फळे, विड्याची पाने या सगळ्या या मातीतल्या गोष्टी आहेत. ही नावे मातीशी आणि बाजाराशी बांधलेली आहेत. त्यांच्या गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत तर पुढच्या पिढीला ती नावे फक्त शाळेच्या हजेरीपटावर दिसतील.

मुलांना कुणी शाळेत किंवा रस्त्यात विचारले की तुम्ही मूळचे कुठले, तर त्यांना राग येऊ नये आणि मानही खाली घालावी लागू नये. त्यांना शांतपणे उत्तर देता यावे, की आम्ही इथलेच. आमच्यातले काही शेतातून आले, काही मागावरून, काही जहाजातून, आणि शेकडो वर्षांपासून आम्ही याच बाजारात तुमच्या शेजारी बसतो. हे उत्तर देण्यासाठी घोषणा लागत नाहीत, माहिती लागते. ती माहिती संग्रहालयाच्या काचेमागे आहे, ताम्रपटावर आहे आणि आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. नांगराच्या फाळाला लागून एखादे खापर वर आले तर ते बांधावर फेकण्याआधी एकदा धुऊन, उजेडात धरून पाहावे.